घाणीतलं मीठ

गुलाबराव नागपूरच्या एका मालकाची घरगाडी चालवत असे. गाडीतच ओटा, मोरी, पलंग. हिवाळ्यात प्रवासी मनालीला न्यायचे आणि त्यांचं खरकटं, आंघोळीचं पाणी गाडीच्या पोटाखालच्या टाकीत घेऊन फिरायचं, हेच त्याचं काम.

गेल्या जानेवारीत तिथल्या थंडीत ती टाकी गोठली. वर पाणी चालूच होतं. ते मोरीतून उलटं आलं, भाताची शितं, केसांचे पुंजके आणि साबणाची साय घेऊन. गुलाबरावाने ती घाण ओंजळीने उपसली. तेव्हापासून दुधावरची सायही त्याच्या घशाखाली उतरत नाही. "पुन्हा असं झालं तर किल्ली ठेवून जायचं," मालकाने बजावलं होतं.

खारं पाणी लवकर गोठत नाही, असं त्याला कोणीतरी सांगितलं. म्हणून या खेपेला निघण्याआधी सावनेरच्या घरी त्याने टाकीचं झाकण उघडलं आणि खड्या मिठाचं पोतं फोडलं.

"अजी, मीठ काहून घाणीत टाकून राहिले?" बायको पंचफुला ओरडली. "सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचा लागते!"

त्याने आत पाहिलं. भिंतींना काळी बुळबुळ धरली होती. त्यात आपल्या पापण्या बुडाल्याचं मनात आलं आणि त्याला कोरडी उलटी आली.

"मेल्यावर वेचीन वं," तोंड पुसत तो म्हणाला. "जित्तेपणी हातानं उपसणं आता होत नाही माह्याकडून."

श्वास रोखून त्याने अर्धं पोतं ओतलं.

"उरलेलंही तिकडेच न्या," नाकाला पदर लावून पंचफुला म्हणाली. "त्या मिठाची भाजी मी रांधत नाही."