हिराबायचा डावा हात

हिराबायला आमच्या पनवेलातल्या एका खासगी डायलिसिस सेंटरच्या डॉक्टरांनी फसवलं. हे आधीच लिहितो, म्हणजे 'देवाची मर्जी' सांगायला कोणी माझ्याकडे येणार नाही. तिचा नवरा गोपाळदादा, त्याचा फोन आला तेव्हा मी उलव्यात एका खानावळवाल्याशी पापलेटच्या भावावरून भांडत होतो. दादा एवढंच म्हणाला, "बाय गेली रं." मी खानावळवाल्याला तो म्हणेल त्या भावात माल दिला आणि निघालो. त्याला वाटलं असेल, आज हा नरमला...

मी घाटावरून आलो तेव्हा पनवेलच्या मासळी बाजारात हातगाडीवर बर्फ विकायचो. हिराबाय खाडीकाठच्या गावातली कोळीण, बाजारात तिची जागा ठरलेली. पहिल्याच दिवशी तिने मला सगळ्यांदेखत धुतलं. "तुजा बरफ अर्धा पानी झाला, आनी भाव तसाच? पानी आमच्या दर्यात लय हाय." भाव कसा पाडायचा ते मी तिच्याकडून शिकलो आणि पुढे तेच वापरून मोठा झालो. आज माझ्या स्वतःच्या गाड्या मासळी पोचवतात, पण तिच्या तोंडी मी शेवटपर्यंत 'बर्फवाल्या'च राहिलो. माझा संताप तिला पाठ होता. कुठे आवाज चढला की पलीकडून ओरडायची, "बर्फवाल्या, जरा बरफावर बस."

साखरेने तिची मूत्रपिंडं गेली. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात, म्हणजे शीर फुगून जाड होते आणि सुया टोचता येतात. ती जोडणी तयार व्हायला काही आठवडे जातात. पहिल्या सर्जनने सांगितलं, डाव्या मनगटाजवळ छोटा छेद घेऊ, पण त्या हातात पुढे बांगड्या घालायच्या नाहीत. तिथेच घोडं अडलं. तिच्याकडे लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, नवऱ्याची राखण कर म्हणून. डाव्या हातातल्या नवरा असेतोवर उतरत नाहीत. उजव्या हातात करू म्हटलं, तर त्या हातात मासळी कापायचा कोयता. ती डॉक्टरांना म्हणाली, "ह्यो हात मालकाचा, ह्यो हात कोयत्याचा. आता तिसरा कुठून आनू?"

तेव्हा या सेंटरचे डॉक्टर पुढे आले. म्हणाले, नवीन पद्धत आहे, चिरफाड नाही. हातातल्या धमनीत आणि शिरेत बारीक नळ्या सरकवायच्या, आतल्या आत दोन्ही जवळ आणून मधे वाट पाडायची, तीही कोपराजवळ. "मावशी, तुमच्या बांगड्या जागच्या जागी राहतील." हिराबायच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. अशी पद्धत जगात आहे, ती खोटी नाही, याची मी नंतर चौकशी करून खात्री केली. खोटं होतं ते त्यांचं 'पुढच्या महिन्यात करू'. तोवर मानेत तात्पुरती नळी घालून डायलिसिस सुरू झालं, आणि सेंटरच्या दारात 'बिनटाक्याचा फिस्टुला' असा फलक लागला, त्यावर हसणारी हिराबाय.

मी दर खेपेला तारीख मागायचो. किट परदेशातून येतंय, कंपनीचा माणूस यायचाय, पुढच्या महिन्यात नक्की... भावाच्या घासाघिशीत मी कोणाला हार जात नाही, पण हा माणूस हसून चहा मागवायचा. एकदा मी विचारलं, "हिच्या हाताची सोनोग्राफी कधी केली?" ते म्हणाले, "ती होईल." मी समजलो. मासळी घ्यायची असेल तर गिऱ्हाईक कल्ला उचलून बघतं. हिच्या हाताच्या शिरा त्या पद्धतीला चालतात का, हे कोणी बघितलंच नव्हतं. पेशंट दुसरीकडे जाऊ नये, एवढाच तो सौदा होता. मी टेबल आपटून बाहेर आलो आणि तिला सांगितलं. ती म्हणाली, "येवडा शिकलेला मानूस बाईमानसाच्या बांगड्यांवर खोटा कशाला बोलंल?"

शेवटी दादानेच तिढा सोडवला. नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती, गावातल्या होड्या रंगवून तयार होत्या. दादा तिच्या समोर बसला आणि म्हणाला, "काढ त्या. तुजा हात बरा होईपर्यंत मी दर्यात पाय टाकनार नाय." ती म्हणाली, "घरात बसून मना तरास देशील." आणि तिने एकेक बांगडी स्वतः उतरवली. पहिल्याच सर्जनकडे गेलो. मानेतली नळी बघून ते एवढंच म्हणाले, "इतके महिने ही ठेवली?" छोटा छेद, त्याच दिवशी घरी. जोडणी उत्तम झाली. कातडीखाली रक्त सळसळायचं, बोट ठेवलं की थरथर लागायची. बाजारात आली तेव्हा ज्याला त्याला मनगट पुढे करून म्हणायची, "हात लाव. मालकाच्या होडीचा इंजिन हितं बसवलाय."

पण ती जोडणी सुयांना तयार व्हायच्या आत मानेतल्या नळीतून जंतू रक्तात गेले. डायलिसिस चालू असतानाच थंडी भरून ताप आला, मग तो उतरला नाही. हॉस्पिटलात मी शेजारी असताना म्हणाली, "बर्फवाल्या, थंडी तुज्या गाडीवरची हाय काय?" ते शेवटचं. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, टाक्यांच्या व्रणावरून सांभाळून, जणू तिला दुखेल...

काही आठवडे झाले. सगळ्या होड्या गेल्या, दादाची किनाऱ्यावर आहे. मी म्हटलं, आता जायला हरकत नाही. तो म्हणाला, "हात बरा होईपर्यंत बोललो होतो."

डॉक्टर, मला नुकसानभरपाई नको, आणि माझ्याशी बोलूही नका, मी ऐकून घेणारा माणूस नाही. खाडीवर या. दादा होडीजवळ बसलेला असतो. त्याच्यासमोर जमिनीवर बसा आणि सांगा : ते किट तुम्ही कधी मागवलं होतं का? मागवलं नव्हतं, तर तिला बांगड्या राहतील असं का सांगितलंत?