अप्पाच्या घरी पेला

सुवार्ताचा रविवार म्हणजे नुसती धावपळ. सहा दिवस मशीनवर ब्लाउज शिवायचे आणि सातव्या दिवशी देवानं स्वतः विसावा घेतला असेल, हिनं कधी घेतला नाही. सकाळी चर्च, दुपारी घरच्यांचं जेवण आणि उन्हं कलली की कमठाणा गावातल्या आजाऱ्यांची घरं. कुणाच्या उशाशी बसून प्रार्थना, कुणाला पेज, कुणाला चार शिव्या. हो, शिव्याही! गोळ्या चुकवणाऱ्याची ती गय करत नाही. तरी लोक तिला दार उघडतात, कारण ही बाई रडतोंड घेऊन येत नाही.

या रविवारी मात्र घोर तिच्याच माणसाचा होता. तिचे वडील धोंडप्पा साखरेच्या आजारानं खाटेला लागले होते. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. बिदरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: सोमवारी आणा, दोन बोटांवर भागेल. उशीर केलात तर गुडघ्यापर्यंत पाय जाईल, आणि मग माणसाचंही काही खरं नाही. म्हातारा कितीतरी दिवस अडून बसला होता. कापायचं म्हटलं की भिंतीकडे तोंड. शनिवारी संध्याकाळी सुवार्तानं त्याच्याकडून कसंबसं ‘बरं, जातो’ वदवून घेतलं. आता एवढा एक रविवार बिनबोभाट पार पडला की झालं.

आणि घोळ केला तो तिनंच.

चर्चमधली भक्ती सुरू व्हायच्या आधी तिनं पास्टरसाहेबांना गाठलं. “साहेब, उद्या अप्पाला ऑपरेशनला न्यायलोत. प्रार्थनेत आठवण ठिवा.” पास्टर तरुण, चिंचोळीकडचे, गावात नुकतेच बदलून आलेले. भला माणूस. अहो, भल्या माणसाचीच धास्ती जास्त!

महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे पवित्र भोजनाचा. बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे. भाकर आणि द्राक्षरसाचा पेला घ्यायला एकेक रांग उठून वेदीपुढे गुडघे टेकत होती. दोघंच जागेवर बसून राहिले. बायकांत सुवार्ता, पुरुषांत तिचा धाकटा भाऊ प्रेमानंद. मनात कुणाबद्दल तेढ असेल तर प्रभूच्या मेजाला हात लावायचा नाही, ही शिकवण दोघांनी लहानपणी एकाच सतरंजीवर बसून घेतली होती. आणि तेढ होती. तीन वर्षांमागे आई गेली, तेव्हा कबरीपाशी, सगळ्या गावादेखत सुवार्ता भावाला म्हणाली होती, “तूच मारलंस आईला. दवाखान्यात न्हेलं असतंस तर जगली असती.” त्या दिवसापासून अबोला. अप्पा प्रेमानंदच्या घरी राहत. सुवार्ता मागच्या दारानं आत यायची आणि प्रेमानंद पुढच्या दारानं बाहेर पडायचा. एकाच म्हाताऱ्याची दोघं काळजी करायची, पण एकमेकांचं तोंड न बघता.

शेवटचा आशीर्वाद द्यायच्या आधी पास्टर माईकवर म्हणाले, “आपले धोंडप्पा बरेच दिवस पवित्र भोजनाला येऊ शकलेले नाहीत. आज दुपारी मी ते त्यांच्या घरी घेऊन जाणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावं.”

सुवार्ता बाकावरून अर्धी उठलीच. बाहेरून आलेल्याला काय ठाऊक! या गावात पेला घरी आला म्हणजे तो माणूस निघाला, असंच धरतात. कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही, पण आजवर घडलं तसंच. खुद्द आईला त्याच खाटेवर पेला दिला होता आणि आठवडा उलटायच्या आत तिला माती दिली. अप्पांनी पेल्याची पेटी बघितली की कारभार आटोपला. उद्या बिदरला न्यायला जीप दारात येईल आणि रिकामी परत जाईल.

पण प्रभूचं भोजन आणू नका, असं पास्टरला सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? तरी ती चपला हातात घेऊनच धावली. तोवर पास्टरांची मोटारसायकल गल्लीच्या टोकाला वळली होती. दुसऱ्या एका आजाऱ्याला भेटून मग परस्पर अप्पांकडे जाणार, असं कुणीतरी सांगितलं.

घरी लेक प्रेरणा आणि जावई भालकीहून आलेले. कोंबडीचा रस्सा, भाकरी, भात, सगळं सकाळीच करून ठेवलेलं. सुवार्तानं जावयाच्या ताटात रश्श्यावर रस्सा वाढला, भाताचं नावच नाही.

“आई, ध्यान कुठं हाय तुजं?” प्रेरणा म्हणाली. सगळं ऐकल्यावर तर ती हसलीच. “अगं, पेल्यानं कुणी मरतंय व्हय?”

“पेल्यानं न्हाई मरत. पण तुजा आजा भिऊन खाट सोडणार न्हाई आणि त्या खाटंवरच मरंल. हसायलीस कामून?” सुवार्तानं पदर खोचला, जावयाला “बसा, सावकाश जेवा” म्हणाली आणि स्वतः घास न खाता निघाली.

मागच्या दारानं ती आत शिरली आणि जागच्या जागी थिजली. शेजारची राजूबाई खाटेजवळ आंबिलीचा तांब्या घेऊन बसली होती आणि पदरानं डोळे पुसत होती. राजूबाई मनानं सोनं, पण तिच्या तोंडाला कडी नाही. चर्चच्या भोंग्यावर तिनं सगळं ऐकलं होतं.

“लई पुण्यवान तुमी अण्णा,” ती म्हणत होती. “पेला चालत घरी यायलाय.”

सुवार्ताला वाटलं, तो तांब्या उचलून हिच्याच डोक्यात घालावा. पण आता घालून काय उपयोग? अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

“सुवार्ते,” ते म्हणाले, “डॉक्टरनं खरं काय सांगितलंय?”

“दोन बोटं, अप्पा. दोनच. शप्पथ.”

“दोन बोटासाटी पेला येत न्हाई. तुज्या आईला ह्याच खाटंवर आलता. जीप नको म्हणून सांग प्रेमाला. मरायचंच हाय तर घरात मरतो. तितं कापून घिऊन कामून मरू?”

सुवार्तानं हात जोडले, रागावली, समजावलं. म्हातारा ढिम्म हलेना. कालचा ‘जातो’ गेला तो गेलाच. पुढच्या दाराच्या चौकटीत प्रेमानंद उभा होता. सगळं ऐकून त्याचा चेहरा उतरला होता, आणि आज पहिल्यांदाच तो बाहेर पडला नव्हता.

तेवढ्यात मोटारसायकल वाजली. पास्टर आत आले, मागं चर्चमधली चार माणसं. स्टुलावर पांढरा कपडा अंथरला गेला, छोटी पेटी उघडली, पेला बाहेर आला. अप्पांनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. “मला नको.”

पास्टर गोंधळून सुवार्ताकडे बघू लागले. तिनं एका दमात सांगून टाकलं, “साहेब, आमच्याकडं मरणाऱ्यालाच पेला घरी देतेत. त्यास्नी वाटायलंय, आपुन चाललो.”

“अरे देवा! मला कुणी बोललंच नाही,” पास्टर म्हणाले आणि पेला परत पेटीत ठेवू लागले. “मी परत जातो.”

“आता परत गेलात तर त्यास्नी वाटंल, लपवायलेत.” सुवार्ता खाटेजवळ गुडघ्यावर बसली आणि तिनं हात पुढं केला. “मला द्या आदी. सगळ्यास्नी द्या. बगा अप्पा, म्या घ्यायले. मग म्या बी मरायले का?”

अप्पांनी वळून बघितलं. डोळे अधू झाले होते, पण खाटेला लागेपर्यंत दर महिन्याला त्यांनी चर्चच्या बाकावरून जे बघितलं होतं, ते विसरलेले नव्हते.

“तू कशी घेशील?” ते म्हणाले. “तीन वरसं तू बसून ऱ्हायलीस. त्यो बी बसून ऱ्हायला. आता माज्यासाटी देवाला फशिवतीस व्हय?”

तिचा हात तसाच हवेत राहिला. म्हातारा खरं बोलत होता, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या आजारपणात घराघरांत जाऊन धीर देणारी बाई ती, पण स्वतःच्या भावाकडे मान वळवायला तिला सगळा जोर लावावा लागला.

“प्रेमा,” ती म्हणाली. “आईला कामून न्हेलं न्हाईस रं?”

तीन वर्षांत तिनं आरोप केला होता, विचारलं कधीच नव्हतं.

प्रेमानंदनं चौकट धरून ठेवली होती. “भिलो होतो अक्का. वाटलं, न्हेलं तर आई तितंच जाईल, एकटी. पेला दिल्यावर तर म्हणलं, आता सगळं त्याच्या हातात. चुकलो म्या. रोज वाटतंय चुकलो.” त्यानं चौकट सोडली. “अप्पाला म्या भिऊन घरात ठिवणार न्हाई. गरज पडली तर पाठीवर न्हेतो.”

आजाऱ्याच्या घरी कधी न रडणारी सुवार्ता, ती रडली. अगदी हुंदके देऊन रडली. “म्या बी कबरीपाशी तसं बोलायचं नव्हतं,” ती म्हणाली. “तू मारलं न्हाईस तिला. माजं चुकलं, बाबा.”

प्रेमानंद येऊन खाटेच्या दुसऱ्या बाजूला गुडघ्यावर बसला. पास्टरांनी भाकर मोडली. आधी बहिणीच्या हातात, मग भावाच्या. मग पेला. अप्पा दोघांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. दोघांनी गिळलं हे नीट बघितल्यावर त्यांनी स्वतःचं तोंड उघडलं.

चर्चची माणसं गाणं म्हणून गेली. राजूबाईनं आंबील घरातल्या पेल्यात ओतून दिली आणि अप्पा ती सगळी प्याले. मग ते आपल्या काळ्या बोटांकडे बघत बसले.

“प्रेमा, जीप कवा यायची?”

“सकाळी, अप्पा.”

“दोन बोटं गेल्यावर चप्पल बसंल का रं?”

“न्हाई बसली तर नवी आणू,” प्रेमानंद म्हणाला. सुवार्ता पदर सावरत सवयीनं मागच्या दाराकडे निघाली होती, तिला त्यानं हाक मारली.

“अक्का, सकाळी पुढच्या दारानं ये. जीप तितंच थांबंल.”