चौकीत जमा झालेले खडक

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होतो. परीक्षेसाठी रूपांतरित खडकांचे नमुने गोळा करायचे होते. मुंबईत जिकडेतिकडे लाव्ह्याचा काळा दगड. त्याहून फार जुने खडक उघड्यावर बघायचे तर आमच्या गावाकडे, मालवणच्या बाजूला जावं लागे. सुट्टीत गेलो, हातोडीने फोडून थैली भरली आणि बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलो. ट्राम बंद होत्या. का, ते ठाऊक नव्हतं. लालबागला घरी चालतच निघालो.

नाक्यावर हवालदाराने अडवलं.

"थैलीत काय?"

"दगड."

त्याने मला सरळ चौकीत नेलं.

सकाळी त्याच रस्त्यावर दगडफेक झाली होती. फौजदारांच्या कपाळाला पट्टी होती. त्यांनी माझे दगड टेबलावर मांडले.

"कुणावर टाकणार होतास?"

"कुणावर नाही, साहेब. अभ्यासाचे आहेत." मी पट्ट्यापट्ट्यांचा एक दगड, नीस, उचलून दाखवला. "हा आधी वेगळाच खडक होता. जमिनीत खोल गाडला गेला, दाबला गेला, तापला. वितळला नाही, पण आतली खनिजं नव्याने घडली, एका दिशेला वळली. म्हणून हे पट्टे."

"कधी झालं हे?"

"कोट्यवधी वर्षांपूर्वी."

"म्हणजे आंदोलनाच्या आधी," फौजदार म्हणाले आणि तसं लिहून घेतलं.

शेजाऱ्याने सांगितलं म्हणून वडील धावत आले. गिरणीत मुकादमालाही न जुमानणारा माणूस, पण फौजदारांपुढे त्यांनी हात जोडले. मला बघवेना. मग ते माझ्याकडे वळले.

"गावाक गेलंस आणि फातर घेवन इलंस? कोकमाची सोलां नाय हाडलंस?"

फौजदार हसले नाहीत. मला सोडलं. दगड मात्र जमा करून घेतले.

गडबड शमल्यावर मी ते मागायला गेलो. हवालदारांनी मागल्या अंगणात त्यातल्या तीन दगडांची चूल मांडली होती. वर चहा उकळत होता. दगड निवेपर्यंत त्यांनी मला बसवून घेतलं, चहाही दिला.

प्राध्यापकांनी काजळी पुसून भिंगातून पाहिलं. "गार्नेटचे लाल खडे शाबूत आहेत. चुलीची उष्णता हिशेबात धरू नका."

परीक्षा झाल्यावर वडिलांनी एक दगड खिडकीत ठेवून घेतला. गार्नेटचा नव्हे, अगदी साधा. मी कारण विचारलं.

"गावचो आसा," ते म्हणाले.