अंगठ्यांचा वेगळा कागद

नव्या रंगाचा वास आला की आमच्या गावचं आरोग्य उपकेंद्र आठवतं. आई दरसाल ऊसतोडीला जायची. धाकट्या भावाच्या वेळी गावात थांबली, तर कळा येत असताना दवाखान्याचं अख्खं अंगण ओलांडून तिला संडासला जावं लागलं. म्हणून पुढे बऱ्याच वर्षांनी उपकेंद्राच्या दुरुस्तीचा आराखडा ठरायचा होता तेव्हा घरातली पहिली पदवीधर मी, वही घेऊन घरोघर फिरले. बायांनी एकच मागितलं, बाळंतपणाच्या खोलीला लागून संडास. मी नकाशा काढला. त्यावर जागा उरली नाही, म्हणून अंगठे वेगळ्या कागदावर घेतले आणि दोन्ही कागद उपकेंद्राच्या डॉक्टरसाहेबांकडे दिले. "शाब्बास, तूच आमची इंजिनीयर!" साहेब म्हणाले. ग्रामसभेत त्यांनी वाचलं ते भलतंच होतं. संडासाच्या जागी साहेबांची केबिन, आणि मागे जोडलेले अंगठे आमच्या बायांचे. शेजारची काकू उठून माझ्यावरच कडाडली, "काहून वं पोरी, याच्यासाठी घेतले काय तुनं आमचे अंगठे? सायबाच्या खुर्चीवर बाळंत व्हायचं काय आमी?" सभा हसली. वहीत राहिलेला कच्चा नकाशा उघडून मी तो सगळ्यांना वाचून दाखवला. साहेब पुन्हा माझ्याशी कधी बोलले नाहीत. मीही त्यांना अजून माफ केलेलं नाही. संडास मात्र खोलीला लागूनच बांधला गेला, आणि वहिनी तिथंच बाळंत झाली.