दोन वर्षांसाठी आलेल्या बाई

बाई दोन वर्षांसाठी आल्या होत्या. म्हणजे दोघं आले होते, बाई आणि त्यांचे यजमान. बाई भूगोल शिकवायच्या, यजमान गणित. आपल्या गावी दोघं एकाच शाळेत होते, शिक्षकांच्या खोलीत समोरासमोर बसून पेपर तपासायचे, आणि तपासता तपासताच लग्न जमलं होतं. मूलबाळ झालं नाही. परदेशातल्या शाळेची जाहिरात सरांनीच घरी आणली. "जन्मभर पोरांना नकाशावर दाखवत आलीस," ते म्हणाले, "एकदा त्यातला एखादा तुकडा डोळ्यांनी बघून तरी येऊ."

शाळेच्या मागेच परदेशी शिक्षकांसाठी इमारत होती. लांबलचक व्हरांडा आणि एकसारखी दारं. इतकी एकसारखी, की पहिल्या आठवड्यात सर दोनदा भलत्याच कुलपाशी झटापट करून आले. करार दोन वर्षांचा. जवळजवळ सगळेच तेवढे राहायचे आणि चालू लागायचे, कुणी आणखी पुढच्या देशात, कुणी घरी.

सरांना तिथलं मानवलं नाही. वर्गात तक्रार नव्हती, पोरं त्यांच्यावर खूश होती. पण शाळा सुटली की त्यांना घर खायला उठायचं. "इथे कुणी दारच वाजवत नाही गं," ते म्हणायचे. "कुणी नुसतं किल्ली विसरली म्हणून आलं, तरी मी त्याला जेवू घालीन." दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर गावाकडे त्यांचे वडील न्हाणीघरात घसरून पडले. सर मिळेल त्या विमानानं निघाले. बाईंनी वर्ष संपवून मागोमाग यायचं, असं ठरलं.

वर्ष संपत आलं तेव्हा मुख्याध्यापिकेनं बाईंना बोलावून घेतलं. तुमचा वर्ग पुढच्या वर्षी शेवटच्या परीक्षेला बसणार, आता नवा माणूस कुठून आणू, असं तिचं म्हणणं. बाईंनी घरी फोन केला. सर म्हणाले, "राहा की. बाबांचं मी बघतोय. पोरांना असं अर्ध्यावर सोडून येऊ नकोस."

त्यांनी हे मनापासून म्हटलं, आणि बाई मनापासून राहिल्या. त्यानंतर दर वर्षी काही ना काही निघत गेलं. कधी गावच्या घराचं छत दुरुस्तीला काढलेलं, कधी बाईंकडे विभाग सोपवलेला. सासरे गेले तेव्हा त्या जाऊन आल्या आणि शाळा चालू होती म्हणून परतल्या. दोघांत कधी भांडण झालं नाही, वेगळं व्हायची गोष्ट कुणी काढली नाही. आणि खरं सांगायचं तर बाईंना तिथे शिकवायला आवडत होतं. गावच्या शाळेत त्या सरांच्या मिसेस होत्या. इथे सर्वांत मोठा वर्ग त्यांचा होता, त्यातला भिंतभर नकाशा त्यांनी स्वतः निवडलेला होता, आणि तास सुरू व्हायच्या आधी पोरं दाराशी येऊन उभी राहायची. हे त्यांनी फोनवर सरांना कधी नीट सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फुशारकी वाटली असती.

पण शाळा दुपारी सुटायची, आणि पुढे अख्खी संध्याकाळ असायची.

सुरुवातीला बाईंनी माणसं जोडली. शेजारच्या दारात चित्रकला शिकवणारी होती. दोघी रोज संध्याकाळी मैदानाला फेऱ्या मारायच्या, मोडक्यातोडक्या सामाईक भाषेत एकमेकींच्या सासवांच्या नकला करायच्या. ती गेली. मग खेळांचा मास्तर आणि त्याची बायको आली. त्यांच्या बाळाला बाईंनी अंगाखांद्यावर खेळवलं. तेही गेले. जाताना सगळे गळ्यात पडायचे, येत राहू, बोलत राहू म्हणायचे, आणि विमानात न मावलेलं सामान बाईंच्या दारात ठेवून जायचे. बाईंकडे तीन इस्त्र्या झाल्या. कपडे वाळत घालायचे घोडे इतके झाले की त्यावर धोबीघाट चालवता आला असता. कुंड्या तर विचारूच नका. काही दिवस फोन यायचे, मग नुसते फोटो, मग तेही नाही. दोष कुणाचा नव्हता. त्या माणसांना नव्या जागी नवे शेजारी मिळायचे. बाईंच्या शेजारी मात्र तेच दार असायचं, आणि आतली खोली नव्या माणसासाठी रंगवली जायची.

चित्रकलावालीनंतर रसायनशास्त्राची एक होती, तिच्यावर बाईंचा फार जीव जडला होता. ती गेली त्यानंतर बाईंनी मनाशी गाठ बांधली, आता बस. नव्या शिक्षकांना त्या सगळं सांगायच्या. कपडे धुवायचं यंत्र अडलं तर डाव्या बाजूला थाप मारा, अमुक बस घेऊ नका, ती उगाच गावभर फिरवते. सांगायच्या ते सगळं व्हरांड्यात उभं राहून. आत या, म्हणायच्या नाहीत. माणूस जाणारच असेल तर त्याच्या चहात साखर किती हे कशाला पाठ करून ठेवायचं?

सुट्टीच्या दिवशी दुपारी इमारत चिडीचूप असायची. बाई मग रेडिओ लावायच्या. त्या देशाची भाषा कामापुरती यायची, तरी लावायच्या. माणसाचा आवाज घरात असावा म्हणून. कुकरशी बोलायची सवय लागली होती. "झालं का रे बाबा तुझं?" म्हणायच्या, आणि तो शिट्टी द्यायचा. सरांचा फोन संध्याकाळी यायचा. "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" "आता बसेन." मग हवा कशी आहे, गुडघा कसा आहे. आणि मग "बरं, ठेवू?" असं कुणीतरी म्हणायचं.

अशात एका वर्षी शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बाई जिन्यावरून उतरत होत्या. खालून एक मुलगी दोन बॅगा ओढत वर येत होती. एका बॅगेचं चाक निखळलं, पायऱ्या उतरत उतरत खाली गेलं, आणि ती मुलगी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई! आता तू पण चाललंस का?"

बाई जागच्या जागी थबकल्या. फोन सोडला तर आपली भाषा त्यांनी कितीतरी वर्षांत कानानं ऐकली नव्हती. त्या म्हणाल्या, "थांब, मी आणते." आणि स्वतःचाच आवाज त्यांना घोगरा वाटला.

ती विज्ञान शिकवायला आली होती. बाई तिला धाकटी म्हणू लागल्या. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू म्हणू का?"

"म्हण. पण मग तुझ्या खोलीतला दिवा गेला की काकांनाच बोलाव."

"बरं बाई, ताई!"

ही धाकटी दार वाजवायची. कारण असलं तरी वाजवायची, नसलं तरी वाजवायची. पंधरा दिवसांत वाजवायचंही सोडलं, सरळ आत यायची, चपला भलतीकडे भिरकावायची, बाईंच्या तीन इस्त्र्या बघून हसत सुटायची. सोफ्यावर पाय पसरून पेपर तपासता तपासता झोपायची. बाई तिच्या अंगावर चादर टाकायच्या आणि तिचे उरलेले पेपर स्वतः तपासून ठेवायच्या. विज्ञानाचे पेपर! चूक झाली तर धाकटी दुसऱ्या दिवशी ओरडायची, "ताई, तुम्ही याला बेडकाचे मार्क दिलेत आणि यानं काढलंय फूल!" बाई पोट धरून हसायच्या. संध्याकाळी सर फोनवर म्हणाले, "आज आवाज वेगळा येतोय तुझा." बाई म्हणाल्या, "लाइन चांगली असेल."

धाकटीचा तीन वर्षांचा मुलगा तिच्या आईजवळ होता. नवरा वारला होता. मूल जरा मोठं होईतो बाहेर काम करावं, असं ठरवून ती आली होती. ती रोज त्याच्याशी फोनवर बोलायची. पहिल्या वर्षी तो फोन सोडायचा नाही. दुसऱ्या वर्षी तो यायचाच नाही, खेळायला पळायचा. एकदा पलीकडून त्यानं आजीला "आई" म्हणून हाक मारलेली धाकटीनं ऐकली. त्या दिवशी ती बाईंकडे आली, आणि चपला नीट काढून ठेवल्या.

करार संपत आला होता. मुख्याध्यापिकेनं बाईंना गाठलं. "इतकी वर्षं टिकलेल्या तुम्ही एकट्याच," ती म्हणाली. "तिला थांबवा. तुमचं ऐकेल ती."

ऐकलं असतं. बाईंना ते पुरतं ठाऊक होतं. त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या. एक शब्द टाकला की पोर आणखी वर्षभर तरी इथे राहील, दार ढकलून आत येईल, हसेल. आणि पुढच्या वर्षी आणखी काही निघेलच, ते काढण्यात तर बाईंचा हातखंडा होता.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं स्वतःच विचारलं. "ताई, राहू का अजून एक वर्ष? मग एकदम शाळेतच घालीन त्याला."

बाई कांदा चिरत होत्या. चिरत राहिल्या. मग सुरी ठेवून म्हणाल्या, "माझ्याकडे बघ. मला कुणी इथे डांबून ठेवलं नाही. दर वर्षी मी एक वर्षासाठीच राहिले. तुझ्या पोराला तू आई आहेस हे अजून आठवतंय. जा."

"तुम्हाला काय वाटतं ते विचारतेय मी."

"मला वाटतं ते विचारू नकोस ना गं!" बाई एकदम मोठ्यानं म्हणाल्या, आणि पाण्याचा नळ सोडून उभ्या राहिल्या.

धाकटी गेली. तिनं दारात काही ठेवलं नाही, कारण तिच्या खोलीतलं निम्मं सामान बाईंचंच होतं. ते परत उचलून आणताना बाईंना पहिल्यांदा जाणवलं की आता पुन्हा गाठ बांधणं जमायचं नाही. पूर्वी एकटेपण अंगवळणी पडलं होतं. आता ते घरात पाहुण्यासारखं बसून असायचं, आणि जायचं नाव घ्यायचं नाही.

त्यांनी सरांना फोन केला. "मी आले तर? कायमची?"

सर म्हणाले, "ये ना. घर तुझंच आहे." मग, "फक्त मी हल्ली पलंगाच्या मधोमध झोपतो."

मुख्याध्यापिकेनं वळवून पाहिलं, पण बाईंनी नव्या करारावर सही केली नाही. तीन इस्त्र्या आणि सगळ्या कुंड्या वाटून टाकल्या. निरोप समारंभात पोरं रडली. आजवर इतक्या जणांच्या निरोपाला टाळ्या वाजवलेल्या बाईंना हात कुठे ठेवावेत कळेना.

घरी परतल्या तर घर सरांच्या हाताला बसलेलं. दिव्यांची बटणं बदलली होती, डबे भलत्या फळीवर होते. सरांनी त्यांच्यासाठी नवाकोरा टॉवेल काढून ठेवला होता, पाहुण्यांना काढतात तसा. दोघं एकमेकांशी फार जपून वागत. "तू आधी अंघोळ करतेस का?" "नाही नाही, तुम्ही करा." कुणी आवाज चढवत नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं. सर संध्याकाळी मित्रांबरोबर पत्ते खेळायला जात. इतकी वर्षं त्यांचं त्यावरच निभावलं होतं, त्यामुळे बाई जाऊ नका म्हणाल्या नाहीत. शेजारपाजारचे येऊन बघून गेले आणि मग येईनासे झाले. बाईंना वाटे, हे सगळं तर तिथेही होतंच. तिथे निदान सकाळी शाळा असायची.

एका संध्याकाळी बाई आतल्या खोलीत कपाट आवरत होत्या. सरांनी चपला घातलेल्या ऐकू आल्या, मग दार ओढलेलं, मग कडी, आणि मग बाहेरून कुलूप. चावी फिरली. पावलं जिना उतरून गेली.

बाई दाराशी आल्या. ओढून पाहिलं. खरंच कुलूप होतं. घरात आपण आहोत, हे हा माणूस विसरला होता. खिडकीतून हाक मारली असती तर सर कोपऱ्यावरून परत आले असते. बाईंनी मारली नाही. फोनही केला नाही. दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर त्या बसून राहिल्या. अंधार पडला तरी त्यांनी दिवा लावला नाही.

सर परत आले ते गुणगुणत. कुलूप काढलं, बटण दाबलं, आणि समोर बाईंना बघून दोन पावलं मागे सरले.

"अरे देवा," ते म्हणाले. "मी... तू आत होतीस?"

"मग कुठे असणार? गावभर फिरणाऱ्या बसमध्ये?" बाई उठल्या, आणि त्यांचा जो आवाज चढला तो वरच्या मजल्यापर्यंत गेला. "कुलूप लावून गेलात तुम्ही! मी जिवंत आहे या घरात! टॉवेल काय काढून देता, तू आधी, तू आधी काय करता, मी काय चार दिवस उतरलेय का इथे?"

"मग हाक का नाही मारलीस?"

"कुणाला मारू? सवय गेली माझी!"

"माझी नाही गेली?" आता सरही पेटले. "एवढ्या वर्षांत घरात कुणाला सांगून बाहेर पडलोय मी? कुलूप लावताना आत कुणी असतं हे माझ्या हातालाच माहीत नाही. तू राहिलीस तिकडे! मी राहा म्हणालो, पण तू राहिलीस!"

वरचं दार उघडल्याचा आवाज झाला. कुणीतरी कठड्यावरून वाकून ऐकत होतं. दोघांनाही त्याची फिकीर नव्हती. इतक्या वर्षांचं ते भांडण, लवकर आटोपण्यासारखं नव्हतंच. चहा केला तोही भांडतच, आणि तो इतका कडू झाला की सरांनी तोंड वाकडं केलं आणि बाईंनी हट्टानं सगळा प्यायला.

मग सर कप बाजूला सारत म्हणाले, "तिथे तू संध्याकाळी काय करायचीस?"

हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बाईंनी आधी खांदे उडवले. मग कुकरबद्दल सांगितलं. मग मैदानाच्या फेऱ्या, मग त्या पोरीचं निखळलेलं चाक. आणि मग पहिल्यांदाच, फुशारकी वाटेल याची पर्वा न करता, त्या भिंतभर नकाशाबद्दल आणि दाराशी उभ्या राहणाऱ्या पोरांबद्दल. सर ऐकत होते. मध्येच एकदा "थांब, हे कोण?" म्हणाले, तेव्हा बाईंना सगळं पुन्हा सुरुवातीपासून सांगावं लागलं. स्वयंपाक व्हायचा होता, आणि तो दोघांपैकी कुणालाच आठवला नाही.