मिस व्हर्डेलने दिलेला दाखला

टॅलो क्रीकच्या हायस्कुलात व्हर्डेल हायटावर सव्वीस वर्षं पोरांना जेवण वाढत होती आणि त्यातली पहिली वीस वर्षं तिच्याकडे कोणी नीट पाहिलं नव्हतं. काचेपलीकडून डाव पुढे आला की पोरं ताट पुढे करायची. डाव कोणाच्या हातात आहे हे बघायचं काही कारण नव्हतं. तिला याचं वाईट वाटायचं नाही. घरी क्लीओफस नावाचा नवरा होता (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानानं 'मिस'च म्हणतात), रविवारी चर्च होतं, तिथल्या गाणाऱ्यांच्या दुसऱ्या रांगेत तिची ठरलेली जागा होती. माणसानं दिसून दिसून किती ठिकाणी दिसायचं?

पुढे एका वर्षी कुठल्याशा विद्यापीठाचा कोच आमच्या अमेरिकन फुटबॉल संघातला एक पोरगा हेरायला आला. जेवणाच्या रांगेत उभा असताना त्यानं सहज विचारलं, "तो उंच पोरगा कसा आहे हो?"

"दुधाचे दोन डबे घेतो," व्हर्डेल म्हणाली. "एक शेजारच्याला देतो. शेजारचा मागायला लाजतो."

त्या दोन डब्यांवर पोराला शिष्यवृत्ती मिळाली, पोरगा पुढे चमकला आणि त्या कोचनं हा किस्सा जॉर्जिया राज्यभर सांगितला. पोराचा खेळ काय, चित्रफितीत दिसतो; माणूस कसा आहे ते टॅलो क्रीकच्या वाढपिणीला विचारा. तेव्हापासून दर हिवाळ्यात निरनिराळ्या विद्यापीठांचे कोच तिच्या काचेपुढे उभे राहू लागले. लग्न जमवताना शेजारीपाजारी चौकशी करतात ना, अगदी तशी चौकशी. पोरगा घरात रुळेल का, मोठ्यांचा मान ठेवतो का, रागीट तर नाही ना.

पोरांनाही हे कळलंच. जानेवारी लागला की टॅलो क्रीकच्या पोरांना संस्कार फुटायचे. दरवाजे उघडून धरले जायचे, ताटं उचलली जायची, 'येस मॅम'चा नुसता पाऊस. फेब्रुवारीत शिष्यवृत्त्यांवर सह्या झाल्या की सगळं पूर्ववत.

अशाच एका वर्षी दोन पोरांचं नाव होतं. एक केंडेरियस बॉयकिन, चेंडू फेकणारा, देखणा, विमा एजंटाचा मुलगा. त्याच्या बापानं त्याला घरी आरशापुढे बोलायची तालीम दिली होती. दुसरा जार्क्वेझ मोब्ली, आघाडीच्या फळीतला धिप्पाड गडी, समोरच्याला नुसत्या अंगानं अडवून धरणारा. त्याला मैदानात कोणी हलवू शकत नसे. अडचण व्हायची ती त्यानं तोंड उघडलं की. एकदा तो काचेपाशी येऊन म्हणाला होता, "भाजीत मीठ फार झालंय." व्हर्डेलला राग आला. मग तिनं चाखून पाहिली. खारटच होती.

तीन तासांवरच्या मोठ्या विद्यापीठाचा कोच लॅथ्रॉप आला तो छातीवर चिन्ह असलेला शर्ट घालून, हातात वही घेऊन.

"मिस व्हर्डेल, खेळ आम्ही बघितलाय. मी माणूस बघायला आलोय. आमच्याकडे संघ नाही, कुटुंब आहे. आमची एक संस्कृती आहे. पोरगा तिच्यात बसला पाहिजे."

"बसेल की. कॉर्नब्रेड देऊ?"

"द्या. बॉयकिन कसा आहे?"

व्हर्डेलनं खरं काय ते सांगायचं ठरवलं होतं. "नोव्हेंबरपर्यंत मला 'ए' म्हणायचा. आता मॅम म्हणतो. रोज माझ्या गुडघ्याची चौकशी करतो. दुखतो डावा, हा विचारतो उजव्याचं."

लॅथ्रॉपनं मान डोलावत लिहून घेतलं. "आणि मोब्ली?"

"तो माझ्याशी कधी खोटं बोललेला नाही."

"मॅम म्हणतो?"

"नाही."

"ताटं उचलतो?"

"स्वतःचं."

काचेपलीकडचं उलटं वाचायची तिला सवय होती. बॉयकिनच्या नावापुढे लिहिलं होतं: 'मायाळू. सुधारणा झपाट्यानं.' मोब्लीच्या नावापुढे: 'आपल्या संस्कृतीत बसणार नाही.'

घरी आल्यावर तिनं क्लीओफसला सगळं सांगितलं. तो बूट काढत होता.

"मी एक शब्द खोटा बोलले नाही," ती म्हणाली.

"तिथंच चुकलं तुझं," क्लीओफस म्हणाला. "तो माणूस तीन तास गाडी हाकून आला होता. त्याला काय ऐकायचं ते घरूनच ठरवून आला असणार."

बॉयकिननं सह्या केल्या. गावात मिरवणूक निघायचीच बाकी होती. मोब्लीला कोणी विचारलं नाही. तो नेहमीसारखा येत राहिला, आपलं ताट भरून घेत राहिला. व्हर्डेलला मात्र त्याच्या ताटात वाढताना आपण त्याचं काहीतरी हिरावून घेतल्यासारखं वाटायचं. म्हणून चिकनचा एक तुकडा जास्त पडायचा. त्यावरही तो म्हणाला, "हा जास्तीचा आहे." "गप जेव," ती म्हणाली.

मार्चमध्ये एका छोट्या कॉलेजचा कोच आला, वेंडेल फ्युक्वा. गाडीचा मागचा बंपर दोरीनं बांधलेला, डोळे झोपेला आलेले. त्यानं मोब्लीचं नाव काढलं आणि व्हर्डेलनं डाव खाली ठेवला.

"मॅम म्हणतो का तुम्हाला?"

"उठता-बसता."

"दुसऱ्यांची ताटं बिटं?"

"सगळ्या टेबलांची. नको म्हटलं तरी ऐकत नाही."

तिचे कान तापले. चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत गाणारी बाई, आयुष्यात पहिल्यांदा एवढं धडधडीत खोटं बोलत होती, आणि तेही पुढ्यात पुडिंगचा टोप ठेवून. फ्युक्वा खूश झाला. एवढ्यात मोब्ली रिकामं ताट ठेवायला आला, तसं त्यानं त्याला थांबवलं.

"बाळा, मिस व्हर्डेल तुझं फार कौतुक करतायत. सगळ्यांची ताटं उचलतोस म्हणे."

मोब्लीनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नाही. मी उचलत नाही. त्या असं का म्हणाल्या माहीत नाही."

व्हर्डेल पुडिंगकडे बघत राहिली. फ्युक्वानं वहीतली ताटांची ओळ खोडली.

"आमचे गेल्या वर्षीचे सामने पाहिलेस?" त्यानं विचारलं.

"दोन पाहिले."

"कसे वाटले?"

"तुमची डावी बाजू फार वाईट आहे."

"मला सगळे सांगतात, आमचं नशीब वाईट होतं."

"नशीब कसलं? डावीकडून कोणीही आत येत होतं."

फ्युक्वानं वही मिटली. "ऑगस्टमध्ये ये," तो म्हणाला. "डावीकडेच उभा राहा."

तो गेल्यावर मोब्ली काचेपाशी थांबला. "खोटं का बोललात?"

"मी तुझी आई नाही, सगळ्याची उत्तरं द्यायला," व्हर्डेल म्हणाली. तो गेल्यावर तिनं पदार्थांवरची झाकणं दोनदा उघडून दोनदा लावली.

मनाला लागलंच होतं. रविवारी तिनं पाद्री लँडिंगहॅम यांना एका बाजूला घेऊन सगळं कबूल केलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"आणि मग पोराला जागा मिळाली?" त्यांनी विचारलं.

"मिळाली. पण खोट्यामुळे नाही."

"तरीपण," पाद्री म्हणाले, "माझा भाचा पुढच्या वर्षी शेवटच्या वर्गात आहे. गुणी पोरगा आहे. तुमच्या लक्षात असू द्या."

पुढच्या डिसेंबरात कोच लॅथ्रॉप आपलं कुटुंब सोडून दुसऱ्या, अधिक श्रीमंत विद्यापीठात गेला. पोरांना फोनवर निरोप आला. बॉयकिन महिन्याभरात तिसरीकडे गेला. दोघांच्या मुलाखती पेपरात छापून आल्या. दोघांनाही नव्या ठिकाणची संस्कृती मनापासून आवडली होती. मोब्ली चार वर्षं एकाच ठिकाणी डावीकडे उभा राहिला. संघ तरीही हरायचा, पण आता उजवीकडून.

पुढे कोचांना यायलाही वेळ होईना, तेव्हा विद्यापीठांकडून छापील तक्ते येऊ लागले: आदर, नम्रता, संस्कृतीशी जुळणी, प्रत्येकी दहापैकी गुण. व्हर्डेल स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून सगळ्यांना दहापैकी दहा द्यायची. पाद्र्याच्या भाच्याला दहा. जेवणाच्या रांगेत ढकलाढकली करणाऱ्यांना दहा. एकदा चुकून, गाव सोडून वर्ष झालेल्या पोरालाही दहा दिले. कुणाचाही फोन आला नाही.

ती निवृत्त झाली तेव्हा एका मोठ्या विद्यापीठानं 'चोख पारख' केल्याबद्दल तिला आभाराचं पत्र पाठवलं. तिनं ते क्लीओफसला वाचून दाखवलं.

"कोणत्या पोराबद्दल लिहिलंय?" त्यानं विचारलं.

"नाव नाही घातलेलं," व्हर्डेल म्हणाली, आणि चष्मा काढून पत्र पुन्हा पाकिटात घातलं.