पंधरावा शेरा

आमच्या हायस्कुलात अकरावीचा वर्ग म्हणजे नऊ डोकी. सात मुलगे आणि दोन मुली. सबंध गाव आम्हाला 'मॅट्रिकची पोरं' म्हणून ओळखायचं, आणि या बिरुदाचा आम्ही पुरेपूर फायदा उठवला. शनिवारी वर्ग सारवायचे ते खालच्या इयत्तांनी. आम्ही फक्त देखरेख करायची. घंटा वाजवायचा मानही आमचाच. ही घंटा एका म्हाताऱ्या खलाशाने मोडीत निघालेल्या आगबोटीवरून आणून शाळेला भेट दिली होती. तिचा आवाज असा दणदणीत, की नव्या माणसाला वाटावं, शाळा आता बंदर सोडून निघणार.

शाळा खाडीच्या एका काठाला आणि आम्ही नवांपैकी चौघे पलीकडच्या वाडीतले. मधे एकच होडी, आणि ती हाकणारे चाचा. चाचांनी तरुणपणी अरबस्तानापर्यंत गलबतं नेली होती. म्हातारपणी या काठाची माणसं त्या काठाला सोडण्याचं काम त्यांना पोरखेळ वाटायचं आणि ते तसं बोलूनही दाखवायचे.

त्या एवढ्याशा खाडीत, चाचांच्या होडीत बसलं की मला मळमळायचं. हे लिहायला आजही लाज वाटते, कारण आमचं घर दर्यावर्द्यांचं. आजोबा गलबतावर, काका बोटीवर, वडील बोटीवर. त्या वर्षी वडिलांचं एडनहून पत्र आलं: 'मॅट्रिक झालास तर मुंबईस ऑफिसात चिकटवण्याचे बघतो. न झाल्यास पुढील सफरीस माझेबरोबर यावे.' पत्र वाचताना मला ओटीवर बसल्या बसल्या मळमळलं. मॅट्रिक व्हायचं, नाही तर आयुष्यभर ओकत फिरायचं, असा तो सरळ हिशेब होता.

त्याच जूनमध्ये आम्हाला नवे हेडमास्तर आले. सातारकडचे, गणिताचे, वक्तशीर. येताना त्यांनी एक सायकल आणली होती. आमच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पाखाड्या बघून तिने पहिल्याच दिवशी भिंतीला पाठ लावली, ती कायमची. दुसऱ्या दिवशी दुपारी सर धक्क्यावर उभे राहून खाडीकडे बघत म्हणाले, "अरे, सकाळी इथं पाणी होतं ते गेलं कुठं?"

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमचं वर्ष चांगलं जाणार, अशी खूणगाठ आम्ही तिथेच बांधली.

शाळा अकराला भरायची आणि आम्ही सव्वादहाच्या होडीने निघायचो. ओहोटीला खाडीचं पाणी उतरलं की होडी गाळात बसते, तेव्हा उशीर झाला तर त्यात आमचा दोष नाही, हे सरांना मान्य होतं. मग काय, आमच्या खाडीला रोजच ओहोटी येऊ लागली. कधी झोप अनावर झालेली असे, कधी गाळातल्या कुर्ल्या-खेकडे धरण्यात वेळ गेलेला असे, कधी विटीदांडूचा डाव अर्ध्यावर सोडवत नसे. सर मोत्यासारख्या अक्षरात हजेरीपटावर शेरा लिहायचे: 'खाडीस पाणी नसल्यामुळे उशीर.' पूर आला असतानाही मी एकदा हेच कारण दिलं आणि त्यांनी लिहून घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत सर गावी गेले नाहीत. चाचांच्या होडीत बसून इकडून तिकडे हेलपाटे घालत राहिले. म्हाताऱ्याशी काय एवढ्या गप्पा, असं आम्हाला वाटायचं. सुट्टी संपली त्या दिवशी सर बगलेत पंचांग मारून वर्गात आले.

"तिथीची पाऊणपट करायची," ते फळ्यावर लिहीत म्हणाले, "की भरतीची वेळ मिळते. अमावास्येला नि पौर्णिमेला साधारण बाराला भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला. भरतीच्या सहा तास आधी ओहोटी. काय सुंदर नियम आहे!" मग त्यांनी मला उभं केलं. "श्रावणातली अमावास्या. बाराला भरती. आणि सव्वादहाला खाडीत पाणी नव्हतं म्हणतोस. तुझ्या एकट्यापुरतं आटलं होतं व्हय रे?"

वर्ग हसला. दोघी मुलीही हसल्या, ते जास्त लागलं.

सरांनी पंचांग आणि हजेरीपट शेजारी ठेवून प्रत्येक शेरा तपासला होता. बाकी तिघांचे खोटे शेरे निघाले सात, पाच आणि चार. माझे चौदा. शाळेच्या इतिहासात मी कशात तरी पहिला आलो तो तेव्हाच. सर म्हणाले, "पंधरावा शेरा पडला, तर यंदा तुझा बोर्डाचा फॉर्म जाणार नाही. मग काय खाडी मोजत बस."

मी सरळ झालो. सातच्या पहिल्या होडीने जाऊन शाळेच्या पायरीवर पुस्तक उघडून बसू लागलो. शिपायाला वाटलं, घरी भांडण झालंय. फॉर्म महिनाअखेर जायचे होते. तेवढे दिवस काढले की सुटलो, एवढंच डोक्यात होतं.

सरांची आणखी एक खोड होती. अकरावीची पोरं घरी अभ्यास करतात की नाही, हे बघायला ते एकेका वाडीत मुक्कामाला जायचे. महिना संपायला चार दिवस उरले असताना ते आमच्याकडे आले. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. आईने त्यांना साबुदाण्याची खिचडी दिली आणि आम्हा चौघांना ओटीवर बसवून सरांनी भूमिती सुरू केली. सकाळी आठ वाजता खालून चाचांची हाक आली.

"मास्तर, आता बसा होडीत! मंग पानी नाय गावायचा!"

सर हसले. "आज चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनला भरती, म्हणजे नऊला ओहोटी. सव्वादहापर्यंत पाणी चांगलं चढलेलं असणार. आपण नेहमीच्याच वेळेला निघू."

 वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट होती ती. मी धीर करून म्हणालो, "सर, तो नियम बंदरावरचा. आमच्या धक्क्यापर्यंत पाणी यायला तासभर जास्त लागतो. ओहोटीही तासभर उशिरा. आत्ता गेलो नाही तर अडकू."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पंधरावी थाप का रे ही?"

मी बाकी तिघांकडे बघितलं. तिघेही भूमितीच्या पुस्तकात इतके बुडाले होते, की इतकी भूमिती त्यांनी वर्षभरात वाचली नसेल. माझा राग त्यांच्यावर नव्हता. पाच महिने ज्याने पाण्याच्या नावाने थापा मारल्या, त्याच्या बाजूने कोण बोलणार?

सव्वादहाला आम्ही निघालो आणि वीस-पंचवीस हात गेल्यावर होडी गाळात बसली. चाचांनी वल्ही आत घेतली आणि शांतपणे विडी पेटवली.

सरांनी घड्याळ पाहिलं, पंचांग पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. "चार पाऊणे तीनच होतात," ते पुटपुटले.

"तुमचा गनित बरोबर हाय, मास्तर," चाचा म्हणाले. "पन ता बंदरावरचा. हितं तासाभरानं मागाहून."

"मग हे दिवाळीतच का नाही सांगितलंत?"

"सांगितला व्हता. तुमी लिवून घेतला नाय."

सरांनी पंचांग मिटलं. मग पलीकडून शाळेची घंटा झाली. वर्गातल्या, त्या काठच्या दोघी मुलींपैकी कुणीतरी ती मन लावून वाजवत होती. एकेक टोला मला छातीत बसत होता. माझा पंधरावा शेरा पडला होता, आणि तोही खरं बोलून. होडी जागची हलत नव्हती तरी मला बोटीच्या कठड्याला धरून ओकणारा मी स्पष्ट दिसत होतो. डोळ्यांत पाणी आलं ते मी गाळातल्या बगळ्याकडे बघण्याच्या निमित्ताने लपवलं.

सरांनी वेळ वाया घालवला नाही. तिथेच पायथागोरसाचं प्रमेय सुरू केलं आणि आकृती वल्ह्याच्या पात्यावर खडूने काढली. चाचा मधेच म्हणाले, "जरा धाकटा काढा, मास्तर, मला वल्हवायचा हाय." सगळे हसले. मी हसलो नाही.

पाणी चढू लागल्यावर सरांनीही गाळात उतरून होडी ढकलायला हात लावला आणि आम्ही पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. सबंध शाळा पडवीत ओळीने उभी. धोतराला गुडघ्यापर्यंत गाळ लागलेले हेडमास्तर पायऱ्या चढताना लहान पोरांनी तोंडं दाबून धरली होती. सरांनी कुणाकडे पाहिलं नाही. मला मात्र खोलीत बोलावलं.

टेबलावर हजेरीपट आणि पंचांग होतं. सरांनी माझे चौदा शेरे पुन्हा एकदा तपासायला घेतले, या वेळी प्रत्येक ठिकाणी एक तास मिळवून.  मग ते म्हणाले, "यातले तीन दिवस खाडीला खरंच पाणी नव्हतं. मी तुला खोटा ठरवला. चूक माझी." आणि त्यांनी तीन शेरे खोडले. "आजचा धरायचा नाही. आज मीच उशिरा आणलं तुला. राहिले अकरा."

मी खोडलेल्या तारखा बघितल्या. त्यातली एक श्रावणातल्या चतुर्थीची होती. त्या दिवशी पाणी नव्हतं हे खरं, पण मला ते कळायचं कारण नव्हतं. आदल्या रात्री गणपतीतल्या जाखडी नाचाच्या तालमीला जाऊन आलो होतो आणि सकाळी दहा वाजेपर्यंत घोरत पडलो होतो. गप्प बसलो असतो तर कुणाला समजलं नसतं. पण मघाशी होडीत खरं बोलून कुणी विश्वास ठेवला नाही तेव्हा काय वाटलं, ते मी अजून विसरलो नव्हतो.

"सर, बारा," मी म्हणालो. "श्रावणातल्या चतुर्थीचा तो झोपेचा आहे."

सरांनी माझ्याकडे बघितलं, तो शेरा पुन्हा लिहिला आणि खणातून फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. सही मी इतकी जपून, एकेक अक्षर लावत केली, की बोर्डाला वाटलं असेल, उमेदवार सत्तरीचा आहे.

दुसऱ्या दिवशी सातच्या होडीने गेलो. शाळेत कुणी नव्हतं. आमच्या वर्गाच्या फळ्यावर मात्र सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'आपल्या खाडीची भरती: तिथीची पाऊणपट, अधिक एक तास.' आणि खाली, जरा बारीक अक्षरात: 'माहिती देणारा: इयत्ता अकरावी, हजेरी क्रमांक सहा.'

हजेरी क्रमांक सहा मी होतो.